आधी साथीला बस

दोन महिन्यांपूर्वी याच सदरात एका उत्तरात व्हायोलिनचा ओझरता उल्लेख झाला, आणि त्यानंतर आलेली निम्मी पत्रं व्हायोलिनचीच निघाली. मी स्वतः हेच वाद्य वाजवते आणि शिकवते, त्यामुळे या वेळी फक्त त्याबद्दलच लिहिते. सात पत्रं घेतली आहेत. काहींत गुरूंबद्दल मोकळेपणाने लिहिलेलं आहे, म्हणून कुणाचंच नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, मी वीस वर्षांचा आहे, सांगलीला राहतो. नवव्या वर्षापासून व्हायोलिन शिकतोय, गेल्या वर्षी विशारदची परीक्षा पूर्ण झालो. माझ्याबरोबरचे दोघे-तिघे आता सोलो कार्यक्रम करायला लागलेत. माझे गुरुजी मात्र म्हणतात, दोन वर्षं गायनाच्या क्लासमध्ये साथीला बस, सोलोचं नंतर बघू. साथ करत राहिलो तर जन्मभर साथीदार म्हणूनच ओळख राहील अशी भीती वाटते. गुरुजींना स्पष्ट विचारायचा धीर होत नाही. काय करू?

उत्तर : तुझ्या गुरुजींची आणि माझी ओळख नाही. पण त्यांनी तुला जे सांगितलं तेच मला माझ्या गुरुजींनी एकोणिसाव्या वर्षी सांगितलं होतं, आणि मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते. त्यामुळे तुझा राग मला कळतो.

आठवड्यातून तीन संध्याकाळी मी एका गायनाच्या क्लासच्या कोपऱ्यात जाऊन बसायचे. मुली काळी चार, काळी पाचला (म्हणजे पेटीच्या त्या काळ्या पट्टीला सा धरून) गायच्या, मुलगे काळी एकला. दर वीस मिनिटांनी सा बदलायचा. प्रत्येक वेळी तारा उतरवत-चढवत बसायला कुणाला वेळ नसे, म्हणून त्याच जुळणीत कधी पहिल्या बोटावर सा धरायचा, कधी दुसऱ्या. पहिले दोन महिने मी घामाघूम होऊन घरी यायचे. तोवर माझा यमन म्हणजे बोटांना पाठ झालेल्या जागा होत्या. सा हलला की यमन हरवायचा. व्हायोलिनला पडदे नाहीत. सतारीवर बोट थोडं मागेपुढे पडलं तरी पडदा सांभाळून घेतो. इथे केसभर सरकलं की स्वर कणसूर, आणि ते सांगणारं कानाशिवाय दुसरं कुणी नाही. माझ्या कानाला ही सवय क्लासच्या त्या कोपऱ्यात लागली. घरच्या रियाजात ती लागली नसती, कारण घरी मी सोयीचंच वाजवत होते.

दुसरी गोष्ट मला एका कार्यक्रमात कळली. एका ज्येष्ठ गायकांच्या मागे बसले होते, मारवा चालला होता. मारवा रागात षड्ज, म्हणजे सा, फार जपून वापरायचा असतो, कोमल रिषभ आणि धैवतावर सगळा मुक्काम. त्यांनी पाच-सात मिनिटं षड्जाला हात लावला नव्हता. कोमल रिषभावर आवाज ठेवला आणि ते थांबले. मला ती जागा रिकामी वाटली. मी धैवतापासून एक सुबक उतरण घेतली आणि शेवटी छान लांब गजाने (गज म्हणजे आपला बो) षड्जावर येऊन थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त डाव्या हाताची दोन बोटं मांडीवरून जराशी उचलली. मी थांबले. कार्यक्रम संपल्यावर पाया पडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मी सा लपवून ठेवला होता बाळ, तू देऊन टाकलास." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. पुढे सोलो वाजवायला लागले तेव्हा मारव्यात षड्ज कधी द्यायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता ओळखीचं. आकाशवाणीवर १९४० पासून हार्मोनियमला बंदी होती, ती १९७१ मध्ये काही प्रमाणात उठली. त्या तीस वर्षांत रेडिओवर गवयांच्या मागे सारंगी असायची किंवा व्हायोलिन. आपले मोठे व्हायोलिनवादक बघ. पं. डी. के. दातार यांनी पं. द. वि. पलुसकरांना साथ केली, आणि पुढे त्यांच्या सोलो वादनात जो गायकी अंगाचा स्वर ऐकू येतो तो अशा संगतीत मुरलेला आहे. पं. गजाननबुवा जोशी तर गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते. एन. राजम कर्नाटक पद्धतीत तयार झालेल्या, वाद्यावर हात उत्तम बसलेला, तरी त्या पं. ओंकारनाथ ठाकुरांकडे गेल्या, म्हणजे एका गवयाकडे. यांच्यापैकी कुणाची ओळख साथीमुळे किंवा गाण्यामुळे लहान झाली?

हे सगळं सांगितलं तरी एक गोष्ट तुझ्या बाजूनेही बोलते. साथीला बसवण्याच्या नावाखाली विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं अडकवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. क्लासमधल्या साथीचे पैसे मागू नकोस, तिथे तू शिकतोस. पण तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वाजवलंस तर मानधन मिळालं पाहिजे, आणि ते किती हे आधी विचारायला लाजू नकोस. गुरुजींना "सोलो कधी?" असं विचारलंस तर उत्तर "वेळ आली की" असंच येईल. त्याऐवजी विचार, "साथीला बसून मी नेमकं काय पक्कं करू? सहा महिन्यांनी तुम्ही माझं काय ऐकाल?" या प्रश्नावर चांगला गुरू चिडत नाही. माझे गुरुजी तर खूश झाले होते. त्यांनी तिथल्या तिथे चार बंदिशी काढून दिल्या आणि म्हणाले, या गाऊन दाखव, मग वाजव. दोन वर्षांनंतरही उत्तर धूसरच राहिलं तर मला पुन्हा लिही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, दीड वर्ष व्हायोलिन शिकते आहे. तिला आम्हाला हिंदुस्थानी संगीतच शिकवायचं आहे. पण काही जण म्हणतात, आधी चार वर्षं पाश्चात्त्य पद्धतीने शिकवा, तंत्र पक्कं होतं, मग रागदारीकडे वळवा. शिवाय बाई तिला आठवड्यातला एक तास नुसतं गायला लावतात. आम्ही फी व्हायोलिनची भरतो. हे योग्य आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो महत्त्वाचा आहे. तुमच्या मुलीला चांगल्या बाई मिळाल्या आहेत. त्यांना गायनाचा तास वाढवायला सांगा.

हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून घरी एक प्रयोग करून बघा. तिला एखाद्या बंदिशीतला "पिया" एवढा एकच शब्द गायला सांगा. 'पि' आखूड येईल, 'या' लांब जाईल, आणि 'या'च्या आत आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाईल. आता तेच व्हायोलिनवर. तिने 'पि'ला एक गज घेतला आणि 'या'ला दुसरा, पूर्ण लांबीचा, आणि बोट न उचलता घसरवलं, तर शब्द ऐकू येईल. 'या'च्या मध्येच गज उलटला तर शब्द तुटेल, स्वर सगळे बरोबर असूनसुद्धा. गज कुठे उलटायचा हे कागदावर लिहून देता येत नाही. ज्याने तो शब्द गायला आहे त्याच्या हाताला ते आपोआप कळतं. माझ्याकडे नवीन मूल आलं की पहिले काही महिने मी अर्धा वेळ गाण्यालाच देते. आवाज गोड नसला तरी चालतो, सुरात असला की झालं.

पाश्चात्त्य पद्धतीबद्दल : ते शिक्षण उत्तमच आहे आणि गजावर जी हुकमत ते देतात तिला तोड नाही. पण अडचण बैठकीची आहे. तिकडे वाद्य हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये धरतात, उभं राहून किंवा खुर्चीवर. आपण जमिनीवर मांडी घालतो, उजवा पाय थोडा पुढे, वाद्याचं डोकं त्या पावलाजवळ घोट्यावर टेकलेलं आणि दुसरं टोक डाव्या खांद्याखाली छातीला. वाद्य असं दोन्हीकडून टेकलं की डाव्या हातावर वजन राहत नाही, तो मोकळा होतो आणि तारेवर वरपासून खालपर्यंत घसरू शकतो. आपली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, या मोकळेपणातून येते. ही बैठक दक्षिणेतल्या वादकांनी घडवली. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी यांनी हे परदेशी वाद्य शिकून कर्नाटक संगीतात आणलं. जुळणीही वेगळी : मी सा-प-सा-प लावते, म्हणजे वरच्या दोन तारा त्यांच्या जुळणीपेक्षा उतरवाव्या लागतात.

तेव्हा शेवटी रागदारीच करायची असं ठरलेलं असेल तर चार वर्षं दुसऱ्या बैठकीत घालवू नका. पंधराव्या-सोळाव्या वर्षी, हात स्थिर झाल्यावर, सहा महिने एखाद्या पाश्चात्त्य शिक्षकाकडे फक्त गजासाठी पाठवा. मी स्वतः तसं केलं, तेही तिशीत, आणि आधी का नाही केलं असं वाटलं.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. अकराव्या वर्षी पूर्ण मापाचं व्हायोलिन बहुतेक मुलांना मोठं पडतं. "वाढत्या अंगाचं" म्हणून मोठं वाद्य घेऊ नका. डावा हात सरळ लांब करून वाद्याच्या डोक्याला बोटांनी सहज विळखा घालता आला पाहिजे. येत नसेल तर पाऊण मापाचं घ्या.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम आहे, संध्याकाळी साडेसहाला, चाळीस मिनिटं. वय २२. दोन महिन्यांपासून चारुकेशी राग बसवलाय, लोकांना खूप आवडतो. यमन सगळेच वाजवतात, म्हणून टाळतेय. शिवाय मंचावर घाबरले की माझा गज थरथरतो. काही उपाय?

उत्तर : यमन वाजव.

तू यमन किती वर्षं वाजवते आहेस? नऊ-दहा तरी असतील. चारुकेशी दोन महिने. मंचावर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत डोकं कोरं होतं, सगळ्यांचंच होतं, आणि तेव्हा हात जुन्या ओळखीचं घर शोधतो. चारुकेशीत तुझी दोन महिन्यांची ओळख आहे, तो अजून पाहुणा आहे. शेवटी पाच मिनिटांची धून म्हणून वाजव हवं तर. "सगळेच वाजवतात" हे मात्र मनातून काढून टाक. समोर बसलेल्यांनी शेकडो यमन ऐकलेत, म्हणूनच तुझा वेगळा असेल तर त्यांना लगेच कळेल.

चाळीस मिनिटं दुरून खूप वाटतात आणि बसल्यावर पुरत नाहीत. मी अशी वाटणी करते : जुळणी आणि नमस्कारात दोन मिनिटं जातात. आलाप सात-आठ मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको. विलंबित अठरा मिनिटं. पहिल्या कार्यक्रमात अतिविलंबित लय घेऊ नकोस, आवर्तन भरता भरता जीव जातो. झपतालात मध्यलयीकडे झुकणारी गत किंवा बंदिश घेतलीस तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातात राहते. द्रुत तीनताल आठ मिनिटं, आणि उरलेली धून. घड्याळ मांडीशी ठेव, पण मनगटावर नको, तो हात सारखा डोळ्यांसमोर असतो.

तबल्यावर कोण आहे हे तू लिहिलं नाहीस. त्यांना आधी फोन कर, बंदिश गाऊन दाखव, लय सांग. ते तुझ्यापेक्षा मोठे असतील तर ते मध्ये लय वाढवतील, तू वाहून जाशील. मी एकदा अशी वाहून गेले आहे. द्रुताच्या तिसऱ्या मिनिटाला माझी सगळी तयारी संपली होती आणि पुढची पाच मिनिटं मी नुसती पळत होते. मला जमेल ती लय आधी बोलून घेतली असती तर त्या गुणी वादकाने ती आनंदाने सांभाळली असती. सवाल-जवाब पहिल्या कार्यक्रमात घेऊ नकोस.

आता थरथर. गज थरथरतो तो बहुतेक वेळा टोकाकडच्या अर्ध्या भागात, कारण तिथे तो हलका असतो आणि घाबरलेला हात त्याला वरून उचलून धरतो. म्हणून सुरुवात खर्जाच्या तारेवर कर आणि पहिले चार-पाच स्वर गजाच्या मुठीकडच्या अर्ध्यातच वाजव. हाताचं वजन तारेवर पडू दे. मंद्र निषाद, रिषभ, गंधार असं सावकाश वर ये. दोन मिनिटांत खांदा खाली येतो, मग पूर्ण गज घे. घरी याची तयारी अशी करायची : जिना चार वेळा वरखाली कर, धाप लागलेली असतानाच बस आणि लांब सा लाव. कार्यक्रमाच्या वेळी छातीत होते तीच धडधड असते, तिच्यासकट वाजवायची सवय होते.

बारीकसारीक गोष्टी : नवी तार कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नकोस, चार-पाच दिवस आधी चढव, ताणून बसायला वेळ लागतो. दिव्यांच्या उष्णतेने किंवा एसीच्या गारठ्याने तारा हलतात, म्हणून अर्धा तास आधी वाद्य पेटीतून काढून मंचावरच ठेव. रेशमी साडी नेसणार असशील तर वाद्याचं डोकं घोट्यावरून घसरतं. पावलाजवळ सुती रुमालाची घडी ठेव. आणि माइक लावणाऱ्याला एकदा पूर्ण गज ओढून दाखव, नाहीतर द्रुतात तुझं कोपर माइकच्या दांड्यावर आपटेल.

प्रश्न : माझं वय १७. रोज चार तास रियाज करते. तीन महिन्यांपासून डावा अंगठा आणि मनगट दुखतं. मैत्रीण म्हणते, दुखल्याशिवाय हात तयार होत नाही. खरं आहे का?

उत्तर : साफ खोटं आहे. उद्यापासून रियाज थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखव. वाद्य बरोबर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर बसून वाजवून दाखव. दुखणं नुसतं सांगून त्यांना तुझी बैठक दिसणार नाही.

मी सत्ताविसाव्या वर्षी असंच दुखणं अंगावर काढलं. एका महोत्सवाची तारीख जवळ आली होती, म्हणून मलम लावून वाजवत राहिले. कार्यक्रम झाला, आणि पुढचे तीन महिने मला कपबशी उचलता येत नव्हती. त्या तीन महिन्यांत मी फक्त गायले. बरी झाल्यावर कळलं की मूळ कारण अंगठ्यात नव्हतंच, ते पायाशी होतं. माझं वाद्य घोट्यावरून हळूहळू घसरायचं आणि ते सावरायला अंगठा वाद्याची मान आवळून धरायचा. तासन्‌तास, मला न कळत. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी हेच तपास : डावा हात पूर्ण काढून घेतलास तरी वाद्य जागेवर राहतं का? राहत नसेल तर बैठक बदल. बुडाखाली चादरीची जाड घडी घेतली तर गुडघे खाली येतात आणि पाठ सरळ राहते. पुढेही सलग चार तास नको. पंचवीस मिनिटं वाजव, पाच मिनिटं हात सोड.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या फिरतच नाहीत आणि हिवाळ्यात आपोआप सुटतात. दुकानदार म्हणतो वाद्य बदला.

उत्तर : बदलू नका. दमट हवेत लाकूड फुगतं, खुंटी अडकते. कोरड्या हवेत आकसतं, खुंटी निसटते. जोर लावून फिरवू नका, मान चिरते. खुंटी काढून तिला खुंटीसाठी मिळणारी पेस्ट लावा. घरात खडू असेल तर निसटणाऱ्या खुंटीला तोही चालतो. वाद्य पेटीत ठेवा, पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. वाजवून झाल्यावर गज सैल करा आणि तारांवरची राळेची पूड कोरड्या मऊ कापडाने पुसा. पुसली नाही तर ती रोगणाला धरते आणि मग निघत नाही. सांधा सुटला तर घरातला गोंद किंवा फेविकॉल लावू नका. व्हायोलिन सरसाने चिकटवलेलं असतं, ते कारागिराला पुन्हा उघडता यावं म्हणूनच.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. त्याला फक्त व्हायोलिनच करायचं आहे, पुढे शिकायचं नाही म्हणतो. आम्हा दोघांच्या घरात संगीतातलं कुणी नाही. यात पोट भरतं का, पुढचा रस्ता कसा असतो, काहीच माहीत नाही. रीलवर त्याला बरीच दाद मिळते, त्यामुळे तो हवेत आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातली काळजी मला माझ्या आईच्या आवाजात ऐकू आली. तिच्याही घरात संगीतातलं कुणी नव्हतं.

पोट भरतं, पण नुसत्या सोलो कार्यक्रमांवर फार थोड्यांचं. आमच्यापैकी बहुतेक जण शिकवतात, साथ करतात, तबल्याच्या सोलोला आणि कथकला लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजवायची धून) धरतात, भावगीतांच्या कार्यक्रमात आणि स्टुडिओत वाजवतात. यात काही कमीपणा नाही. प्रभाकर जोगांनी 'गीतरामायणा'ला साथ केली, संगीत संयोजन केलं आणि त्याच हाताने 'गाणारं व्हायोलिन' घराघरांत नेलं.

रस्त्यावरची ठाणी सांगते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत आहेत. त्या द्याव्यात, शिस्त लागते आणि पुढे शिकवण्याच्या नोकरीला उपयोग होतो. पण विशारद झाला म्हणजे मंचावर बसायला तयार झाला असं समजू नका. शिष्यवृत्त्या आहेत : सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, ती त्याची हुकली, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी असलेली अठरा ते पंचवीस वयासाठी आहे, तिच्यासाठी आत्तापासून तयारी करा. आकाशवाणीची ऑडिशन द्यायची. तिथे बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात, आणि श्रेणी मिळाली की आयोजक वेगळ्या नजरेने बघतात. अगदी मनापासून पूर्ण वेळ द्यायचा असेल तर कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी आहे, १९७७ पासून चालू असलेली. तिथे गुरूंच्या सान्निध्यात राहून शिकता येतं.

पदवी मात्र त्याने घ्यावी, संगीताची असली तरी चालेल. माझं हे मत अनेक कलाकारांना पटत नाही. पण विशी ते तिशी ही वर्षं वादकाला फार कठीण जातात. तो आता होतकरू मूल राहिलेला नसतो आणि नामवंतही झालेला नसतो. आयोजक म्हणतात, "थोडं नाव होऊ द्या." त्या वर्षांत महिन्याच्या खर्चाची चिंता थोडी कमी असली तर माणूस वाईट कार्यक्रमांना नाही म्हणू शकतो. मला म्हणता आलं नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगती चालू असताना मी पूरिया वाजवला आहे, आणि त्या संध्याकाळी वाद्य पेटीत ठेवताना मला रडू आलं होतं.

रील बंद करायला सांगू नका. फक्त एक अट घाला : जितक्या रील टाकेल तितक्या वेळा महिन्यात कुणा जाणत्यासमोर वीस मिनिटांचा सलग आलाप वाजवायचा. एका मिनिटात तान दिसते. रिषभावर थांबून राहता येतं का, हे कळायला वीस मिनिटं लागतात. आणि त्याला या पानावरचं पहिलं उत्तर वाचायला द्या. तोही कुणाच्या तरी मागे साथीला बसू दे.

प्रश्न : मी चौथीत आहे. मला व्हायोलिन आवडतं पण सर रोज नुसता सा वाजवायला लावतात. मला कंटाळा येतो. मी काय करू?

उत्तर : बाळा, तुझं अक्षर फार सुंदर आहे. मलाही कंटाळा यायचा. आता मी सांगते तसं करून बघ. रात्री आईला तंबोऱ्याचं यंत्र लावायला सांग आणि खोलीतला दिवा बंद कर. अंधारात एक लांब सा ओढ, हळूहळू, गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मनात आकडे मोज. कधी कधी असं होतं की तुझा सा आणि तंबोऱ्याचा सा इतके एकमेकांत मिसळतात की तुझं व्हायोलिन वाजतंय की थांबलंय, तेच कळत नाही. तसं झालं की तेव्हा तू कितव्या आकड्यावर होतीस ते लक्षात ठेव. आठ दिवस रोज करून बघ आणि आठही आकडे मला पोस्टकार्डावर लिहून पाठव. मी माझे आकडे तुला पाठवते.